निकष कोणाचा, हे फाईलमध्ये लिहा

1971 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रॉबर्ट केंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांच्या मुलाखतींच्या चित्रफिती अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या मनोविकारतज्ज्ञांना दाखवल्या आणि निदान विचारलं. त्यातल्या एका पुरुषाच्या बाबतीत 69 टक्के अमेरिकी तज्ज्ञांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. ब्रिटिश तज्ज्ञांमध्ये तेच निदान करणारे निघाले 2 टक्के. माणूस तोच, चित्रफीत तीच, भाषाही दोन्हीकडे इंग्रजीच. पाहणारे तेवढे वेगळे होते.

त्याच सुमारास न्यूयॉर्क आणि लंडनमधल्या मनोरुग्णालयांची तुलना करणारा एक मोठा प्रकल्प चालू होता. न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाचे रुग्ण एवढे जास्त का, हा त्यामागचा प्रश्न. प्रकल्पातल्या डॉक्टरांनी दोन्हीकडच्या रुग्णांची ठरावीक प्रश्न आणि ठरावीक व्याख्या धरून एकाच पद्धतीने मुलाखत घेतली, तेव्हा तो फरक बहुतांशी उरलाच नाही. 1972 मध्ये हे निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. न्यूयॉर्कमध्ये आजार जास्त नव्हता, त्याचं नाव जास्त सढळ हाताने दिलं जात होतं.

समुपदेशनात संस्कृतीचा विषय निघाला की बोलणं आपोआप क्लायंटच्या संस्कृतीवर जातं. त्यांच्या श्रद्धा, त्यांची कुटुंबपद्धत, त्यांचे समज. समुपदेशकाकडे मात्र संस्कृती नसते, त्याच्याकडे शास्त्र असतं, असं गृहीत धरलेलं असतं. गिल्बर्ट रेन यांनी 1962 मध्ये, आपल्याच संस्कृतीच्या कोशात बंद असलेल्या समुपदेशकाबद्दल लिहिलं होतं. त्याला साठ वर्षं उलटून गेली तरी व्यवसायाने शोधलेला मुख्य उपाय एकच आहे: समुपदेशकाचं मन बदला. संवेदनशील व्हा, आदर बाळगा, दोन दिवसांची कार्यशाळा करा, प्रमाणपत्र घ्या.

कार्यशाळांना माझा विरोध नाही. पण चांगल्या मनाच्या समुपदेशकाचा निष्कर्षही चुकतो, कारण चूक मनात कमी आणि कामाच्या पद्धतीत जास्त असते. क्लायंटबद्दलचं मत चार ठिकाणी घडतं. काय दिसलं, त्याला कोणता शब्द दिला, कशाशी तुलना केली आणि शोध कुठे थांबवला. या चारही ठिकाणी संस्कृती आत शिरते आणि फाईलमध्ये तिचा मागमूस राहत नाही. तो राहिला पाहिजे. त्यासाठी समुपदेशकाच्या चांगुलपणावर विसंबून न राहता संस्थांनी नोंदीचा नमुनाच बदलला पाहिजे. आत्महत्येच्या जोखमीचा रकाना भरल्याशिवाय जसं इनटेक, म्हणजे पहिली नोंदणी, पूर्ण होत नाही, तसंच हेही सक्तीचं हवं. हा काही व्यवसायातला घरगुती वाद नाही. नोंद शाळेत जाते, कोर्टात जाते, पुढच्या डॉक्टरकडे जाते. मुलाचा ताबा कोणाकडे, कोणावर औषधं चालू करायची, कोण कामावर परत जायला योग्य, हे तीवरून ठरतं. लिहिणारा नोकरी बदलून निघून जातो, पण त्याने लिहिलेला शब्द फाईलमध्ये तसाच असतो.

एक नोंद जवळून पाहू. समजा, 24 वर्षांची एक तरुणी पहिल्या सेशनला आली आहे, सोबत मोठा भाऊ. झोप लागत नाही, छातीवर दडपण येतं, ही तक्रार. ती बहुतेक वेळ खाली पाहते. उत्तर देण्याआधी भावाकडे बघते. पुढे काय करावंसं वाटतं, यावर म्हणते, ‘घरी विचारावं लागेल.’ पन्नास मिनिटांनी फाईलमध्ये अशी नोंद पडते: ‘नजर टाळते. अफेक्ट सपाट. परावलंबी, निर्णयक्षमता कमी. इनसाइट मर्यादित. डिपेन्डन्ट पर्सनॅलिटी?’

यात डोळ्यांनी दिसलेली गोष्ट एकही नाही. ‘नजर टाळते’ या शब्दांत हेतू आला. दिसलं होतं ते एवढंच, की नजर खाली होती. वयाने किंवा अधिकाराने मोठ्या असलेल्या अनोळखी माणसासमोर नजर खाली ठेवणं अनेक समाजांत सभ्यपणा मानला जातो, आणि चिंता, लाज, भीती यांचं लक्षणही तेच असू शकतं. भावाच्या उपस्थितीची भीती आहे का, हाही प्रश्न उरतोच. अफेक्ट म्हणजे चेहऱ्यावर, आवाजात दिसणारी भावना. ती ‘सपाट’ म्हणायला चढउतार किती असायला हवेत याचं एक माप मनात असावं लागतं. ते माप समुपदेशकाच्या घरातून, वर्गातून, त्याने आधी पाहिलेल्या क्लायंटकडून आलेलं असतं. ‘निर्णयक्षमता कमी’ हा शेरा तर थेट एका जीवनदृष्टीचा आहे: प्रौढ माणूस स्वतःचे निर्णय एकट्याने घेतो. जगातल्या कितीतरी कुटुंबांत मोठा निर्णय चारचौघांत बसून घेतला जातो आणि एकट्याने घेणाऱ्याला उतावळा म्हणतात.

‘इनसाइट’चा रकाना सगळ्यांत फसवा. क्लायंटला स्वतःच्या त्रासाची जाण किती, हे तिथे लिहायचं असतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा लिहिलं जातं ते एवढंच, की क्लायंटला आपलं स्पष्टीकरण पटलं का. पटलं तर इनसाइट चांगली, नाही पटलं तर मर्यादित. दडपणाचं कारण हृदयात आहे असं मानणारी व्यक्ती वेळेवर येते, प्रश्नांना उत्तरं देते, मदत हवी म्हणते, तरी तिला कमी गुण. उलट आपल्या परिभाषेत बोलणारा, ट्रॉमा, टॉक्सिक, बाउंडरी हे शब्द सफाईने वापरणारा क्लायंट इथे सहज पास होतो, मग त्याला स्वतःबद्दल काही कळलेलं असो वा नसो.

आणि शेवटचा प्रश्नचिन्हाचा शब्द. डीएसएममध्ये, म्हणजे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत, डिपेन्डन्ट पर्सनॅलिटी डिसऑर्डरसाठी, म्हणजे टोकाच्या परावलंबनाच्या विकारासाठी, आठपैकी किमान पाच निकष लागतात, वागण्याचा तो ढंग तरुणपणापासून अनेक प्रसंगांत दिसावा लागतो, आणि कोणत्याही व्यक्तिमत्त्व विकाराच्या व्याख्येतच म्हटलं आहे की वागणं त्या व्यक्तीच्या स्वतःच्या संस्कृतीच्या अपेक्षांपासून ठळकपणे वेगळं हवं. म्हणजे तुलना कोणाशी करायची हे पुस्तकाने सांगून ठेवलं आहे. नोंद करणाऱ्याने ती केली का, हे तपासायची सोय मात्र फॉर्ममध्ये नाही. पन्नास मिनिटांत, भावाला बाहेर न पाठवता, तिच्या वयाच्या आणि घरच्या इतर मुली निर्णय कसे घेतात हे न विचारता तो शब्द लिहिला गेला. पुढचा समुपदेशक फाईल उघडेल तेव्हा प्रश्नचिन्ह त्याच्या नजरेतून सुटेल, शब्द सुटणार नाही.

हे केवळ एका कल्पित नोंदीपुरतं आहे असं वाटत असेल तर 1980 चा लि-रेपॅक यांचा अभ्यास पाहावा. पाच गोऱ्या आणि पाच चिनी-अमेरिकी थेरपिस्टना त्याच गोऱ्या आणि चिनी क्लायंटच्या चित्रफिती दाखवल्या. चिनी क्लायंट गोऱ्या थेरपिस्टना अस्वस्थ, अवघडलेले, गोंधळलेले वाटले. चिनी-अमेरिकी थेरपिस्टना तेच क्लायंट तल्लख, जुळवून घेणारे, मैत्रीपूर्ण दिसले. गोऱ्या क्लायंटचा मोकळेपणा मात्र या दुसऱ्या गटाला आक्रमक, बंडखोर वाटला आणि या क्लायंटचा त्रास या गटाने जास्त गंभीर धरला. दहाच थेरपिस्ट होते, त्यामुळे यावरून टक्केवारी काढू नये. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना लागू पडते: कोणत्याही गटाकडे कोरी नजर नव्हती. अल्पसंख्य समाजातून आलेल्या थेरपिस्टकडेही नव्हती.

संस्कृती म्हणजे फक्त जात, धर्म, देश, वंश असं धरलं तर आणखी एक मोठी संस्कृती नजरेआड होते, ती म्हणजे प्रशिक्षणाची. एलन लँगर आणि रॉबर्ट एबल्सन यांनी 1974 मध्ये एका माणसाची नोकरीबद्दलच्या अनुभवांची मुलाखत थेरपिस्टना दाखवली. काहींना सांगितलं, हा नोकरीसाठी आलेला उमेदवार आहे. काहींना सांगितलं, हा पेशंट आहे. वर्तनवादी, म्हणजे दिसणाऱ्या वागण्यावर भर देणाऱ्या, पद्धतीत शिकलेल्यांनी दोन्ही वेळा त्याला साधारण सारखंच मोजलं. मनोविश्लेषणाच्या परंपरेत शिकलेल्यांना मात्र ‘पेशंट’ बराच जास्त बिघडलेला दिसला. त्या परंपरेत वरवरच्या ठीकठाकपणाखाली काहीतरी दडलेलं असतं असं शिकवतात, म्हणून त्यांना दडलेलं सापडलं. यातून वर्तनवाद्यांनी पाठ थोपटून घ्यायचं कारण नाही. त्यांच्या नजरेतून वेगळ्या गोष्टी सुटतात. 1970 मध्ये इंगे ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांनी 79 व्यावसायिकांना निरोगी पुरुष, निरोगी स्त्री आणि निरोगी प्रौढ यांची वर्णनं करायला लावली. निरोगी पुरुष आणि निरोगी प्रौढ यांची वर्णनं जुळली. निरोगी स्त्री वेगळी निघाली: अधिक नमती, अधिक भावनाप्रधान, कमी स्वतंत्र. थोडक्यात, स्त्रीने चांगली स्त्री व्हावं की निरोगी प्रौढ व्हावं, यातलं काहीही निवडलं तरी एका निकषावर ती नापास. हे उत्तर देणाऱ्यांत स्त्रियाही होत्या.

मग ठरावीक प्रश्नावली वापरल्या तर हा गोंधळ मिटेल का? न्यूयॉर्क-लंडनच्या कामाने दाखवलं की ठरावीक मुलाखतीने पुष्कळ फरक पडतो, आणि तोंडी अंदाजापेक्षा ती नेहमीच बरी. पण मापाच्या आतही निकष बसलेला असतो. डिप्रेशनसाठी सर्रास वापरली जाणारी पीएचक्यू-9 ही प्रश्नावली घ्या. नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. 10 किंवा त्याहून जास्त आले तर पुढे नीट तपासायचं. वेळ वाचवायला अनेक ठिकाणी आधी तिचे पहिले दोनच प्रश्न विचारतात, कशात रस वाटत नाही का आणि उदास वाटतं का. त्या दोनांची बेरीज 3 झाली तरच पुढचे सात. आता अशी व्यक्ती समोर आहे जी त्रास शरीराच्या भाषेत सांगते आणि ‘उदास’ हा शब्द स्वतःला लावायला कचरते. ती रस नाही याला 1 देते, उदासीला 1 देते. बेरीज 2. चाळणीतून बाहेर. पण उरलेले सात प्रश्न विचारले असते तर झोप 3, थकवा 3, भूक 2, एकाग्रता 1, मंदावलेपण 1 आणि उरलेल्या दोनांना 0, अशी एकूण बेरीज 12 झाली असती. प्रश्नावलीत खोट नाही, तिचं दार चुकीच्या ठिकाणी बसवलं आहे. शिवाय स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा प्रश्न नववा आहे, तो चाळणीत बाहेर पडलेल्याला कोणी विचारलेलाच नसतो. त्रास शरीरातून सांगणाऱ्या लोकांमध्ये काम करणाऱ्या केंद्राने दोन प्रश्नांची चाळणी वापरू नये, सरळ नऊ विचारावेत. जास्तीची दोन-तीन मिनिटं लागतात.

आर्थर क्लाइनमन यांनी चीनमधल्या हुनान प्रांतात न्यूरस्थेनियाचं, म्हणजे मज्जातंतूंच्या थकव्याचं, निदान झालेल्या 100 रुग्णांची तपासणी करून 1982 मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांतले 87 डीएसएमच्या तेव्हाच्या निकषांनुसार मेजर डिप्रेशनमध्ये बसत होते. हा आकडा दाखवून ‘बघा, त्यांना डिप्रेशनच होतं, नाव चुकलं होतं’ असं म्हणणारे भेटतात. क्लाइनमन यांचा रोख नेमका उलटा होता. एका समाजात घडवलेली चौकट दुसऱ्या समाजावर ठेवली आणि माणसं तिच्यात बसली, तर त्यावरून चौकट तिथे खरी ठरत नाही. त्यांना डोकेदुखी, थकवा हे त्रास होते, त्यांचं नातं कामाशी आणि भोगलेल्या राजकीय उलथापालथीशी होतं, आणि उपचारात त्याची दखल घ्यावी लागत होती.

निदानाची पुस्तकंही आपसात एकमत नसलेल्या माणसांनी लिहिलेली आहेत, याचं सोपं उदाहरण शोकाचं आहे. लांबलेल्या शोकाला विकार म्हणायचं तर आयसीडी-11 या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणानुसार किमान 6 महिने व्हावे लागतात. 2022 च्या सुधारित डीएसएममध्ये प्रौढांसाठी 12 महिने. जोडीदार जाऊन 8 महिने झालेली, रोज रडणारी व्यक्ती एका पुस्तकाप्रमाणे विकाराच्या हद्दीत येऊ शकते आणि दुसऱ्याप्रमाणे येत नाही. शोक त्या व्यक्तीच्या संस्कृतीच्या रीतीपलीकडचा हवा, ही अट दोन्हींत आहे. ती रीत कोणाला विचारून ठरवली, हे लिहायची जागा मात्र फॉर्मवर नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की सगळा धोका नसलेला आजार दिसण्याचा आहे. हा गैरसमज उलट जास्त महागात पडतो. स्टीव्हन लोपेझ यांनी 1989 च्या आढाव्यात स्पष्ट केलं, की पूर्वग्रहाची दिशा दोन्हीकडची असते: साध्या वागण्याला विकार म्हणणं आणि विकाराला ‘त्यांच्यात असंच असतं’ म्हणून सोडून देणं. कार्यशाळा करून आलेल्या, आपलं चुकेल अशी भीती बसलेल्या समुपदेशकाकडून दुसरी चूक जास्त होते. घरातल्या मारहाणीला कुटुंबपद्धत म्हटलं जातं. पुरुषाच्या दारूला त्यांच्या समाजातला रिवाज म्हटलं जातं. महिनोन्महिने खोलीबाहेर न पडणाऱ्या मुलाबद्दल ‘लाजाळू समाज आहे’ असं लिहिलं जातं. आवाज ऐकू येण्याला श्रद्धा म्हणून पुढे जाऊ दिलं जातं. आदराच्या नावाखाली केलेलं हे दुर्लक्ष आहे, आणि त्याची किंमत त्या समाजातली सर्वांत दुबळी माणसं मोजतात: बायका, मुलं, म्हातारी माणसं.

आवाजांचंच पाहा. तान्या लुहरमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतलं सॅन मॅटिओ, घानामधलं आक्रा आणि चेन्नई इथे प्रत्येकी 20 अशा व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या, ज्यांना गंभीर मानसिक आजार होता आणि आवाज ऐकू येत होते. 2015 मध्ये निष्कर्ष आले. अमेरिकेतल्या लोकांना आवाज हिंसक, घुसखोर वाटत आणि ते त्यांना आजाराची खूण मानत. चेन्नईत अनेकांना नातेवाइकांचे आवाज ऐकू येत, काम सांगणारे, रागावणारे. आक्रात अनेकांच्या मते देव बोलत होता. तिन्हीकडे आजार होताच. म्हणून ‘आवाज आहे म्हणजे विकार’ हेही चूक आणि ‘आजोबांचा आवाज आहे म्हणजे श्रद्धा’ हेही चूक. विचारायचं ते असं: आवाज कोणाचा, काय म्हणतो, हुकूम देतो का, तो पाळावा लागतो का, त्यामुळे झोप आणि कामं बिघडली का, तुमच्याच घरातल्या, तुमच्याच श्रद्धेच्या माणसांना हे कसं वाटतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा सगळ्यांत उपयोगी ठरतं. ज्या समाजात अशा अनुभवाला जागा आहे तिथल्या लोकांना सहसा कळतं की या माणसाचं काहीतरी वेगळं आहे.

यावर लोकप्रिय असलेले दोन उपाय मला अपुरे वाटतात. पहिला, समाजांच्या याद्या. अमुक लोक नजर मिळवत नाहीत, तमुक लोक भावना बोलून दाखवत नाहीत, अशी कोष्टकं प्रशिक्षणात वाटली जातात. यादी पाठ केलेला समुपदेशक जुना शिक्का काढून नवा मारतो. शिक्का सभ्य असतो, एवढंच. स्टॅन्ली सू यांनी 1998 मध्ये यासाठी वेगळं कौशल्य सुचवलं होतं: गटाबद्दलची माहिती कधी लावायची आणि कधी बाजूला ठेवायची हे ओळखणं. यादी ही विचारायच्या प्रश्नांची यादी असेल तर कामाची, उत्तरांची असेल तर घातक.

दुसरा उपाय, क्लायंटला त्याच्याच समाजातला समुपदेशक देणं. क्लायंटची तशी इच्छा असेल तर ती मान्य व्हावी, यात वाद नाही. पण त्याने निर्णय अचूक होतील असं मानणं धाडसाचं आहे. कॅब्रल आणि स्मिथ यांनी 2011 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा आपल्या वंशाचा थेरपिस्ट हवा ही पसंती बऱ्यापैकी दिसली, परिणामाचा आकार, म्हणजे फरक किती मोठा ते सांगणारा आकडा, 0.63. उपचाराच्या फलितातला फरक जवळपास शून्य, 0.09. कारण उघड आहे. एका समाजातून आलेला, विद्यापीठात शिकलेला, शहरात स्थिरावलेला समुपदेशक आणि त्याच समाजातला शाळा सोडलेला क्लायंट यांच्यात वर्ग, भाषेचा बाज, प्रशिक्षण यांचं अंतर असतंच. वर ‘मला सगळं ठाऊक आहे’ ही खात्री असल्याने तो प्रश्न कमी विचारतो. भाषेबाबतही सोपा नियम हाती लागत नाही. 1973 मध्ये मार्कोस आणि सहकाऱ्यांना दिसलं की स्पॅनिश मातृभाषेच्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची मुलाखत इंग्रजीत घेतली तर ते जास्त आजारी वाटतात. 1981 मध्ये प्राइस आणि क्वेयार यांना उलटं दिसलं, स्पॅनिशमध्ये लक्षणं जास्त उघड झाली. परक्या भाषेत माणूस अडखळतो आणि बिघडलेला दिसतो, किंवा शब्द सांभाळून वापरतो आणि लक्षणं झाकली जातात. तेव्हा मुलाखत कोणत्या भाषेत झाली, हे प्रत्येक नोंदीच्या वर लिहिलेलं असलं पाहिजे. बहुतेक फॉर्मवर मातृभाषेचा रकाना असतो, मुलाखतीच्या भाषेचा नसतो.

फॉर्म बदलायचा तो कसा? सर्वांत आधी नोंदीचं पान उभं दुभागायचं. डावीकडे फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं, क्लायंटची किमान तीन वाक्यं त्याच्याच शब्दांत. उजवीकडे आपण लावलेला अर्थ. वरच्या नोंदीत डावीकडे येईल: ‘नजर बहुतेक वेळ खाली. पाचपैकी चार उत्तरांआधी भावाकडे पाहिलं. भाऊ संपूर्ण वेळ खोलीत. “घरी विचारावं लागेल.”’ एवढं लिहिल्यावर उजवीकडे ‘परावलंबी’ लिहिताना हात थबकतो, आणि भावाला बाहेर बसवायला हवं होतं हे लगेच ध्यानात येतं. इंटर्नना हे जमायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला ते डावीकडे ‘चिडलेला दिसला’ असं लिहितात. सुपरव्हायझरने तिथे एकच प्रश्न विचारायचा: काय केल्यावरून?

त्याखाली एक ओळ: तुलना कोणाशी? पर्याय चार. क्लायंटने स्वतः सांगितलं. घरच्यांनी किंवा ओळखीच्यांनी सांगितलं. त्या समाजाची माहिती असलेल्या सहकाऱ्याला विचारलं. समुपदेशकाचा स्वतःचा अंदाज. चौथ्या पर्यायावर खूण करण्यात लाज काहीच नाही, सुरुवातीच्या बहुतेक नोंदींत तोच असेल. मात्र ज्या शेऱ्याला फक्त चौथ्या पर्यायाचा आधार आहे तो शेरा संस्थेबाहेर जाणाऱ्या कोणत्याही अहवालात निष्कर्ष म्हणून जाऊ नये. हा एक नियम पाळला तरी कोर्टात आणि शाळांत जाणारी कितीतरी विशेषणं गळून पडतील.

माहिती कशी काढायची, यासाठी तयार साधन आहे. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये संस्कृतीविषयीची 16 प्रश्नांची मुलाखत दिली आहे. पहिल्यांदा घेताना वीसेक मिनिटं लागतात. तेवढा वेळ नसेल तर तिच्या धर्तीवर चार प्रश्न तरी पहिल्या सेशनमध्ये यावेत. हा त्रास घरच्यांना सांगायचा तर तुम्ही कसा सांगाल? तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, आणि घरच्यांना काय वाटतं? आजवर काय काय करून पाहिलं, कशाने बरं वाटलं? आपली पार्श्वभूमी वेगळी असल्याने मी काही चुकीचं समजेन, अशी शंका वाटते का? चौथा प्रश्न विचारायला अवघड जातो, म्हणून तोच गाळला जातो. तो सेशनच्या शेवटी विचारू नये, उठता उठता कोणी खरं सांगत नाही. मध्यावर विचारावा आणि उत्तरानंतर गप्प बसावं.

दुभाषी असेल तर वेळ साधारण दुप्पट धरावा, आधी पाच-दहा मिनिटं त्याला काम समजावून सांगावं: सगळं भाषांतरित करायचं, सावरून घ्यायचं नाही, तुटक बोलणं तुटकच सांगायचं. घरच्या माणसाला, विशेषतः मुलाला, दुभाषी करू नये. जोखमीचे आणि मारहाणीचे प्रश्न क्लायंटला एकट्यानेच, आणि प्रत्येकाला सारख्याच शब्दांत. इथे संस्कृतीची सवलत नाही. क्लायंट कोणत्याही समाजाचा असो, हे प्रश्न गाळायचा अधिकार समुपदेशकाला नसावा.

निदानाचा पहिला शब्द तात्पुरता धरून त्यापुढे फेरतपासणीची तारीख लिहावी, चौथ्या सेशनच्या आसपासची. शेजारी एक पर्यायी स्पष्टीकरण आणि ‘काय दिसलं तर माझं मत बदलेल’ अशी एक ओळ. ट्व्हर्स्की आणि कानेमन यांनी 1974 मध्ये दाखवलं की पहिला अंदाज पुढच्या सगळ्या अंदाजांना आपल्याकडे ओढतो. मत बदलायची अट आधी लिहिलेली असेल तर ती नंतर सोयीने विसरता येत नाही.

सुपरव्हिजनमध्ये एक सोपी चाचणी करता येते. निनावी केलेली नोंद दुसऱ्या सहकाऱ्याला द्यायची, पण क्लायंटचं लिंग, वंश, धर्म किंवा शिक्षण यांपैकी एक गोष्ट बदलून. लोरिंग आणि पॉवेल यांनी 1988 मध्ये 290 मनोविकारतज्ज्ञांवर हेच केलं. वर्णन तेच, फक्त लिंग आणि वंश बदललेले. निदानं बदलली, आणि काळ्या क्लायंटमध्ये हिंसकपणा, संशयीपणा अधिक दिसला. काळ्या तज्ज्ञांच्या नजरेतही हा कल काही प्रमाणात होता. आपल्या केंद्रात दर महिन्याला दोन फाईली अशा उलटून वाचल्या तर वर्षाकाठी चोवीस होतात, आणि कुठल्या शेऱ्यावर आपली गाडी नेहमी घसरते हे कळायला तेवढ्या पुरतात.

‘सगळंच सापेक्ष केलं तर निदान कधी करायचं?’ हा आक्षेप येतो. वर सांगितलेल्या कुठल्याही पायरीत निदान टाळलेलं नाही. उलट डावीकडे पुरावा आणि तुलनेचा आधार लिहिलेलं निदान कोर्टात उलटतपासणीला टिकतं, विशेषणांवर उभं असलेलं टिकत नाही. ‘आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो’ हा दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक असतो आणि अधिक धोक्याचा. सगळ्यांना एकाच मापाने मोजणं म्हणजे समान वागणूक खरी, पण ते माप ज्याचं, त्याच्यासारखे लोक तेवढे निरोगी ठरतात.

खरी अडचण वेळेची आहे, आणि ती कोणी मोकळेपणाने मांडत नाही. दिवसाला आठ-नऊ क्लायंट घ्यायला लावायचे, नोंदीसाठी पाच मिनिटं द्यायची आणि मग समुपदेशकाने सांस्कृतिक नम्रता बाळगावी अशी अपेक्षा करायची, हा संस्थांचा दांभिकपणा आहे. दुभागलेलं पान भरायला प्रत्येक नव्या क्लायंटमागे पंधरा मिनिटं तरी जास्त लागतील, पहिलं सेशन पन्नासऐवजी ऐंशी मिनिटांचं करावं लागेल, आणि दुभाष्याचं मानधन कोणाला तरी द्यावं लागेल. सरकारी योजना असो, विमा कंपनी असो वा देणगीवर चालणारं केंद्र, पैसे देणाऱ्याने हा वेळ वेगळा खर्च म्हणून मंजूर केला पाहिजे. तोवर किमान एवढं करता येईल: जिथे पूर्ण मुलाखत झाली नाही तिथे अहवालाच्या पहिल्या ओळीत ‘एका सेशनवरून, अमुक भाषेत, नातेवाइकाच्या उपस्थितीत’ असं लिहावं, आणि व्यक्तिमत्त्वाबद्दलचा रकाना कोरा सोडावा.